वर एकदाच लाव

नदीकाठच्या एका गावात सुकुमार मगदूम नावाचा एक भोळा प्रोग्रामर होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्याबरहुकूम करी. सगळा घोटाळा तिथंच होई.

गावच्या डेअरीसाठी नवं सॉफ्टवेअर बनत होतं. काट्याचं, फॅटचं, टाकीचं, बिलाचं आणि निरोपांचं असे पाच प्रोजेक्ट, आणि त्या पाचांच्या वर एक मुख्य फाइल. शुक्रवारी चेअरमनसाहेब बारा गावांसमोर टाकीचा नळ उघडणार होते. त्या दिवशी काही बिनसलं तर तुझी नोकरी गेली, असं त्याच्या वरिष्ठ उगारे मॅडमनी सुकुमारला दोनदा बजावलं होतं. इकडे त्याच्या आईचे तर नोकरीचे पेढे गल्लीभर वाटूनही झाले होते.

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "सगळ्या प्रोजेक्टना चाचणीचं प्लगइन लाव." प्लगइन म्हणजे प्रोग्रामला जास्तीचं काम शिकवणारा तयार तुकडा. सुकुमारनं पाची ठिकाणी एकेक करून लावला, दर वेळी हाताला येईल तो. पाच प्रोजेक्ट, पाच आवृत्त्या. त्या एकमेकींशी जुळेनात, आणि सगळं काम आडवं झालं.

"अरे बाबा, एकेकाला काय लावत बसतोस? वर एकदाच लाव. खालच्या सगळ्यांना आपोआप लागतं!"

"बरं मॅडम."

मंगळवारी छपाईचं प्लगइन आलं. ते फक्त बिलाला हवं होतं. सुकुमारनं वर एकदाच लावलं. बिल छापून आलं. मग काटा छापू लागला. मग टाकीसुद्धा सेकंदाला एक चिठ्ठी काढू लागली. कागदाची पट्टी फाटकापर्यंत गेली आणि तिथं चेअरमनसाहेबांच्या म्हशीनं ती खाल्ली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "वर नुसतं नाव लिहायचं, सुकुमार. लावायचं नाही! खाली ज्याला लागेल, त्यालाच लावायचं."

"बरं मॅडम."

गुरुवारी शेवटचं प्लगइन आलं, टाकी गार ठेवायचं. सुकुमारनं वर नाव लिहिलं. लावलं नाही. टाकीला लागेल तेव्हा टाकी सांगेल, म्हणून वाट बघत बसला. टाकी काही बोलली नाही.

तेवढ्यात कँटीनच्या फुलाक्का विरजणाची बादली घेऊन आल्या. "लेकरा, उद्या पावण्यांना दही पायजे. टाकीतलं दूध पाच पातेल्यांत काढ नि विरजण लाव बघू. माझ्या चपात्या करपायल्यात."

पाच पातेली! सुकुमार गालातल्या गालात हसला. एकेकाला लावत बसायला तो आता काही सोमवारचा सुकुमार नव्हता. बादली घेऊन तो शिडी चढला, टाकीचं झाकण उघडलं, आणि वर एकदाच लावलं.

शुक्रवारी बारा गावं जमली. चेअरमनसाहेबांनी नळ फिरवला. काही आलं नाही. त्यांनी आणखी फिरवला. टाकी गुरगुरली, आणि भलामोठा दह्याचा गोळा त्यांच्या धोतरावर पडला.

"तीन हजार लिटर!" मॅडम किंचाळल्या. "अरे, टाकी गार का नाही?"

"नाव लिहिलंय की वर," सुकुमार म्हणाला. "पण दही बघा मॅडम! एकदाच लावलं, सगळ्याला लागलं!"

मॅडमनी आधी चेअरमनसाहेबांना धोतर पुसायला फडकं दिलं. मग म्हणाल्या, "सुकुमार, तुझं नाव वर यादीत राहू दे. पण आजपासून तुला कुठल्याच कामाला लावायचं नाही."

सुकुमार धावतच घरी गेला. "आई, माझं नाव वर लिहिलंय! आता ज्याला मी लागेन, तो मला लावून घेईल!"

आईनं पुन्हा पेढे आणले.