खारभाटचा कलता क्रूस

सावकाश या, शेवाळ आहे. हा पाहिलात? मागे एक पाहुणे याला टेकू लावायला निघाले होते. राहू द्या म्हटलं, बाबा! खारभाटच्या बांधावरचा क्रूस असाच असतो, एक खांदा खाली. लाकडाचा कुजला तेव्हा दगडाचा केला, तोही कलताच रोवला. लोक आपल्या कामाला नावं ठेवतील म्हणून पाथरवट म्हणे चांगलाच चिडला होता.

त्याचं असं सांगतात. खाडी तेव्हा नेमकी याच जागी बांध फोडायची. खारं पाणी एकदा भातात शिरलं की पुढं दोन-तीन वर्षं जमिनीत काही पिकत नाही. गाव बांध घालायचं आणि पुढचं मोठं उधाण तो गिळायचं. लोक रडकुंडीला आले. मग कुणाच्या तोंडून कोण जाणे, एक गोष्ट निघाली, की या बांधाला जीव हवा. उघड कुणी बोलेना. बाप्तिस्मा घेतलेलं गाव, रविवारचा मिस्सा न चुकवणारं. पण कुजबुज काही थांबेना.

गावात कोलेत नावाची बाई होती. तिचा धाकटा भाऊ मिंगेल, तिशीचा दांडगा गडी, पण मन लहान मुलाचं. कुणीही हाक मारली की हसत जायचा. आईबाप गेल्यावर कोलेतनंच त्याला सांभाळलं, त्याच्यापायी लग्नसुद्धा केलं नाही. गाव त्याला एरवी हिडीसफिडीस करायचं. त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात मात्र नवल घडलं. कुणी त्याला मासळी तळून देई, कुणी ओट्यावर जवळ बसवी. गावचे पुढारी पास्कोलकाका, त्यांनी तर त्याला नवा सदरा शिवला. मिंगेल तो घरोघर दाखवत फिरला. फुकट सदरा देणारं हे गाव नव्हे, एवढं कोलेतला कळत होतं. भाऊ जरा नजरेआड झाला की ती भाकरी तव्यावर टाकून शोधायला धावायची. फादरांना सांगावं तर ते खाडीपलीकडं.

गुड फ्रायडे उजाडला. हा वार पुनवेच्या आगेमागेच येतो, त्यामुळं उधाण ठरलेलं. भर दुपारी क्रूसाच्या वाटेची मिरवणूक निघाली. क्रूस मिंगेलच्या खांद्यावर, अंगात तो सदरा. दरवर्षी देवळाला वळसा घालून परतणारी मिरवणूक त्या दिवशी बांधाकडं वळली. मागं बायकांत चाललेल्या कोलेतनं ते पाहिलं मात्र, प्रार्थना अर्धी टाकून ती धावत सुटली.

बांधाला भगदाड पडायला लागलं होतं. काठावर मिंगेल हसत उभा होता आणि पास्कोलकाकांचा हात त्याच्या पाठीवर होता.

"हात काढा, काका."

पास्कोल वाईट माणूस नव्हता हो. घरात नातवंडं उपाशी होती. तो म्हणाला, "कोलेत, देवानंसुद्धा मुलगा दिलाच ना गं? मग आपण कोण लागून गेलो?"

"त्यानं स्वतःचा दिला! तुम्ही माझा देताय. आणि येशू काय कुणी ढकलला म्हणून गेला? आपणहून गेला तो!"

पाणी चढत होतं. आज भाऊ घरी नेला, तरी पुढच्या उधाणाला हाच हात पुन्हा त्याच्या पाठीवर येणार, हे कोलेतला दिसत होतं. तिनं लुगडं खोचलं, भगदाडात उतरली आणि खाडीकडं पाठ करून उभी राहिली.

"माती टाका," एवढंच म्हणाली.

मिंगेल क्रूसासकट तिच्या शेजारी उतरला. "वर जा रे मेल्या!" ती ओरडली, पण तो कसला ऐकतोय! क्रूस चिखलात कलता रुतून बसला. मग पास्कोल उतरला, मिंगेलच्या पलीकडं, जिथं धार मोठी होती. त्याच्यामागून एकेक करत गाव उतरलं. खांद्याला खांदा लावून पाठींची भिंत झाली आणि आतून बाकीचे चिखल थापत राहिले. पाण्याबरोबर येणाऱ्या कालवांच्या शिंपल्यांनी पाठी सोलून निघाल्या. ओहोटी लागेपर्यंत कुणी हललं नाही.

बांध टिकला. जीव कुणाचाच गेला नाही. पण वाहत आलेला एक ओंडका कोलेतच्या पाठीत बसला होता, ती पुन्हा कधी सरळ चालली नाही. एक खांदा कायमचा खाली. थंडीत विव्हळायची बिचारी. देवानं असं का मागितलं तुझ्याकडून, असं कुणी विचारलं की भडकायची. म्हणायची, "देवानं काही मागितलं नव्हतं. मला मिंगेल हवा होता."

आजही गुड फ्रायडेच्या दुपारी गाव या कलत्या क्रूसापाशी येतं आणि खाडीकडं पाठ करून पाण्यात उभं राहतं. नियम एकच. कुणी कुणाला 'चल' म्हणायचं नाही. बाप मुलाला नाही, फादर गावाला नाही. सगळे काठावर गप्प उभे असतात, पाणी चढत असतं, आणि दरवर्षी जीव नुसता खालीवर होतो, की यंदा कुणी उतरलंच नाही तर?

ते बघा, लोक यायला लागले. पाणीही भरत आलंय. माझ्या चपला तेवढ्या बघा हं, मी उतरतो. तुम्हाला काही म्हणत नाही.