शेरवळ्यात ओसरीवरून 'या' का म्हणत नाहीत

शेरवळे बंदरात तुम्हांला ओसरीवरून कुणी 'या' म्हटलं नाही, तर राग मानू नका. इथे पाहुणा दिसला की यजमान उठतो, पायऱ्या उतरून बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत, जातो आणि हात धरून त्याला आत आणतो. कुणाला हा नुसता मानपान वाटेल, पण तेवढंच नव्हे. ही आवडूची रीत.

आवडू ही बाबणी तांडेलाची सून. तिचा नवरा रावळू वाटाड्या होता. परक्या गलबतांना खडकांतून वाट काढून बंदरात आणायचा. गोऱ्यांच्या संगतीत राहून त्याने त्यांच्या बोली उचलल्या होत्या, असं सांगतात. जेवताना बायकोला गमती सांगे. "आपला 'या' त्यांच्याकडेही आहे गो. डच म्हणाला तर 'हो'. स्पॅनिश म्हणाला तर 'आत्ताच'. एक रूसचा खलाशी आहे, तो म्हणाला तर 'मी'. दिसायला जुळी भावंडं, पण घराणी निराळी. डचांचा त्यांच्या उत्तरेकडच्या जुन्या बोलीतला, स्पॅनिशांचा रोमच्या लॅटिनमधला, आपला आपल्या 'येण्या'तला." आवडू भात वाढता वाढता म्हणायची म्हणे, "मेल्यांचं एका शब्दावरसुद्धा एकमत नाही."

एका कार्तिकात रावळू स्पॅनिश खलाशी असलेल्या एका डच गलबतावर गेला, तो ठरल्या वेळी परतलाच नाही. आवडूच्या जिवाला घोर लागला. मग एका दुपारी वारा उठला, ओहोटी लागली, आणि ते गलबत खाडीच्या तोंडाशी दिसलं. रावळूचं मुंडासं डोलकाठीला बांधलेलं होतं. वाटाड्यांची ती ठरलेली खूण: वाटाड्या गलबतावर आहे, पण त्याला उठवत नाही.

गलबत सरळ येत होतं, आणि सरळ पुढे पाण्याखाली दातेरी खडक होता. वाट डावीकडून. सुकाणूवरचा डच समोर हात करकरून विचारत होता, हीच ना वाट? आल्या गलबताला आधी तांडेलाने आणि त्याच्यामागून साऱ्या गावाने 'या, या' अशी साद घालायची, ही तेव्हाची रीत. एरवी रावळू सुकाणूवर असायचा, म्हणून त्या सादेने काही बिघडत नसे. आज धक्क्यावर उभ्या बाबणीने सवयीने तोंडाशी हात नेले. आवडूच्या लक्षात आलं, सुकाणूवाला हे 'हो' समजणार, दोरांवरचे स्पॅनिश 'आत्ताच' समजून शीड सोडणार, आणि तिचा नवरा खडकावर जाणार. समजावत बसायला वेळ कुठला? तिने सासऱ्याच्या तोंडावर हात दाबला.

ज्याच्यासमोर कधी मान वर केली नव्हती, त्याच्या तोंडावर हात, तोही भर गावासमोर.

"मामांनू, साद घालू नकात. मीच जातंय," एवढंच ती म्हणाली.

होडी लोटून ती निघाली. लाटा होडी उचलून आपटत होत्या. नवरा वाचेल का, आणि वाचला तरी आपल्याला त्या घरात कोण घेईल, हे दोन विचार तिची पाठ सोडत नव्हते. पण वल्हं सुटलं नाही. गलबतासमोर जाऊन तिने होडी आडवी घातली, चकार शब्द काढला नाही, आणि डावीकडच्या खोल पाण्यात वळली. सुकाणूवाला घुटमळला. बाई स्वतःच पुढे जातेय हे बघितलं, तेव्हा त्याने सुकाणू फिरवलं. खडक उजव्या अंगाला राहिला.

रावळूला झोळीत घालून उतरवलं. तापाने फणफणलेला, पण जिवंत. सगळे त्याच्याकडे धावले. आवडू मात्र गुडघाभर पाण्यात होडी धरून उभीच राहिली. वर जायचा धीर होईना.

मग बाबणी धक्क्याच्या पायऱ्या उतरला आणि धोतरासकट पाण्यात शिरला. त्याने सुनेचा हात धरला आणि साऱ्या गावादेखत तिला घरापर्यंत नेलं.

रावळू बरा झाला, पेज पिऊन बायकोशी भांडायलाही लागला. पण बाबणीने त्या दिवशी जे केलं, ते गावाने उचललं: पाहुण्याला लांबून 'या' म्हणायचं नाही, जाऊन हात धरून आणायचं. आजही शेरवळ्यात नवी नवरी होडीतून येते. सासऱ्याने आधी पाण्यात उतरून तिचा हात धरायचा, मगच तिने घरात पाऊल टाकायचं. गुडघे धरलेले असोत की थंडी असो, त्याला सुटका नाही.