सदाशिवाचा सोमवार

एका बाजारगावात मन्मथअप्पा नावाचे धान्याचे व्यापारी राहत होते. घरात कशाची ददात नव्हती, दुःख एकच होतं. शेजारच्या कापडवाल्या वैजनाथरावांकडे परदेशी रंगीत पोपट होता. तो आल्यागेल्याला "या, बसा, चहा घ्या" म्हणायचा, आणि चहा न मिळताही माणसं खूश होऊन जायची. ते ऐकलं की अप्पांच्या पोटात दुखायचं.

शेवटी अप्पा शहरात गेले आणि एक पिंजरा घेऊन आले. आत उंदरापेक्षा थोडा मोठा, टोकदार नाकाचा, पातळ कानांचा एक प्राणी होता. त्याचं नाव शॉर्ट-टेल्ड ओपॉसम. हे नाव घेताना अप्पांची जीभ सारखी घसरायची, म्हणून ते त्याला आखूडशेपट्या म्हणू लागले. गावाला आखूडशिंगी, बहुदुधी गाय ठाऊक होती. आखूडशेपट्या घेऊन करायचं काय, हे कुणाला कळेना.

विकणाऱ्याने बजावलं होतं, "हा एकटा राहतो. दिवसा झोपतो. आणि किडे खातो." पहिली गोष्ट अप्पांना आवडली. एकटा जीव म्हणून त्यांनी त्याचं नाव सदाशिव ठेवलं. दुसऱ्या गोष्टीकडे त्यांनी काणाडोळा केला. तिसरी ऐकून मात्र त्यांनी कानांवर हात ठेवले. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी होतं. श्रावणात तर कांदासुद्धा उंबरा ओलांडत नसे.

"शिव शिव! आमच्या घरात आला म्हंजी आमचाच झाला," अप्पा म्हणाले. "आमी खाऊ त्ये त्यो खाईल."

सदाशिवापुढे दूधभात आला. त्याने हुंगला आणि पाठ फिरवली. वरणभात आला, पुन्हा पाठ. मग श्रावण लागला आणि सोमवारी त्याच्यापुढे उपासाची भगर आली. त्या दिवशी तर तो भगरीच्या वाटीत पाय ठेवून पलीकडे गेला.

हळूहळू सदाशिवाची हाडं दिसू लागली. अप्पांना खरंच वाईट वाटत होतं. पोपटाशी बरोबरी करायला आणलेला जीव, पण आता त्याच्यात त्यांचा जीव गुंतला होता. तो खाईना म्हणून त्यांच्याही घशाखाली घास उतरेना.

त्यांच्या पत्नी शिवकांताबाई म्हणाल्या, "आवं, त्यो मानूस किडे म्हनला हुता की!"

"संगतीनं सुधारंल," अप्पा म्हणाले आणि भगरीवर तूप वाढलं.

शिवकांताबाईंनी वाद घातला नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात झुरळं उदंड झाली होती. संध्याकाळी त्या पिंजऱ्याची कडी काढू लागल्या आणि सकाळी सदाशिव पिंजऱ्यात येऊन झोपला की पुन्हा लावू लागल्या. महिना सरत आला तसं सदाशिवाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्वयंपाकघरात झुरळ औषधालाही उरलं नाही.

अप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना दिसला तो गुटगुटीत सदाशिव. "भगरीचा गुन!" ते दुकानात येईल त्याला सांगू लागले. "परदेशी जनावर, पर सोमवार धरतंय! पोपट काय, नुसती बडबड करतंय."

सांगून भागेना, तेव्हा त्यांनी शेवटच्या श्रावणी सोमवारी उपास सोडायला साऱ्या बाजारपेठेला जेवायला बोलावलं. सदाशिव चारचौघांत वरणभात खाऊन सोमवार सोडणार होता. शिवकांताबाईंनी परोपरीने अडवलं, पण अप्पा कशाला दाद देतायत! त्यांची आजवरची सगळी पत त्या दिवशी एका आखूड शेपटीला बांधलेली होती.

दिवेलागणीला पंगत बसली. अप्पांनी सदाशिवाला स्वतःच्या हाताने चांदीच्या ताटलीसमोर ठेवलं. सदाशिवाने वरणभात हुंगला. सगळे श्वास रोखून बघत होते. त्याने नाक वर केलं, मिशा हलवल्या आणि समोर बसलेल्या वैजनाथरावांकडे पाहिलं.

वैजनाथरावांनी या मानाच्या जेवणासाठी ट्रंकेतली जुनी जरीची टोपी काढली होती. त्या टोपीच्या घडीतून एक झुरळ बाहेर आलं.

सदाशिवाने ताटली ओलांडली, वैजनाथरावांच्या मांडीवरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर उडी घेतली आणि झुरळ धरलं. साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने ते कुरकुर चावून खाल्लं. मग टोपीवरच बसून पंजाने तोंड पुसलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "सोडला! सदाशिवानं सोमवार सोडला!"

पंगत हसून आडवी झाली. अप्पांचं तोंड एवढंएवढंसं झालं. ते बायकोकडे वळले, तशी शिवकांताबाई म्हणाल्या, "भगरीनं न्हाई, झुरळानं जगलंय त्ये. तुमी मायेनंच मारलं असतं त्याला."

अप्पांनी सदाशिवाकडे पाहिलं. घरात आल्यापासून तो इतका समाधानी कधी दिसला नव्हता. अप्पांना आपलीच लाज वाटली. त्यांनी त्याला टोपीवरून अलगद उचललं आणि वरणभाताची ताटली स्वतःपुढे ओढली.

दुसऱ्या दिवसापासून मन्मथअप्पा चिमटा घेऊन पोत्यांमागे रातकिडे शोधताना दिसू लागले. दर किड्यामागे "शिव शिव" म्हणत, पण शोधत.

आठवडाभराने वैजनाथराव आले. टोपी घातली नव्हती. हळूच म्हणाले, "अप्पा, दोन दिस सदाशिवाला आमच्याकडं धाडता का? सैपाकघरात लई झुरळं झाल्यात."

"धाडतो की," अप्पा म्हणाले. "पर त्यो एकटाच जेवतो, दिवसा उठत न्हाई आन् उपास धरत न्हाई. चालंल का बघा."

तात्पर्य: ज्याला जीव लावायचा, त्याच्या पानात त्याचं अन्न वाढावं, आपला उपास त्याला घडवू नये.