पुढच्या मुक्कामी

पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सार्थवाहाच्या कुळात जन्मले होते. बैलगाड्यांचा तांडा घेऊन ते भरुकच्छ बंदराकडे व्यापाराला जात.

एका फेरीत पुंडक नावाच्या गाडीवानाने आपली लहान मुलगी मेखला हिला सोबत आणले होते. तिला आई नव्हती. अरण्यात पुंडकाला साप चावला आणि तो मरण पावला. त्या वेळी मेखला गाडीत तापाच्या गुंगीत पडली होती, आणि बोधिसत्त्व पाणी शोधायला पुढे गेले होते. लोकांनी नदीकाठी पुंडकाला अग्नी दिला. मेखला शुद्धीवर आली तेव्हा त्यांनी तिला सांगितले, "तुझे बाबा पुढच्या मुक्कामी गेलेत." बोधिसत्त्व परतल्यावर त्यांना पुंडकाचा मृत्यू कळला, पण मेखलेला काय सांगितले ते कळले नाही.

प्रत्येक मुक्कामी ती गाडीतून उडी मारून धावे आणि बाप न दिसल्याने परत येई. "बाबांबरोबरच जेवीन," म्हणे.

एका संध्याकाळी तिने बोधिसत्त्वांना विचारले, "बाबा माझ्यावर रागावलेत का? म्हणून थांबत नाहीत?"

बोधिसत्त्व म्हणाले, "नाही बाळ. तुझे बाबा पुढे गेलेले नाहीत. ते वारले."

"खोटं! मग मला दाखवा."

बोधिसत्त्वांनी आपली गाडी मागे वळवली. कालक नावाचा वृद्ध व्यापारी म्हणाला, "स्वामी, उशीर झाला तर जहाजे सुटतील. पोर आहे, विसरेल."

"विसरणार नाही. बापाने टाकले, असेच ती जन्मभर समजेल. तुम्ही पुढे व्हा."

नदीकाठी जळलेली जमीन होती आणि थोडी राख. मेखलेने राखेला हात लावला.

"बाबा काही बोलले का?"

"मी तिथे नव्हतो. कालकाने त्यांना धरले होते, त्यानेच मला सांगितले. तुझे पांघरूण सरकलेय, ते नीट करा, असे ते म्हणाले."

मग मेखला रडली. बोधिसत्त्वांनी तिला गप्प केले नाही. ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "भूक लागली."

बंदरातून जहाजे निघून गेली होती. पडेल भावात माल विकून बोधिसत्त्व परतले आणि त्यांनी मेखलेला आपल्या घरी मुलीसारखे वाढवले.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, ती मेखला आज आपल्या संघात पोरक्या मुलींना सांभाळणारी भिक्षुणी आहे. कालक म्हणजे तुमच्यातला हा वृद्ध भिक्षू. सार्थवाह मी होतो. दुःखितापासून सत्य लपवू नये आणि ते ऐकताना त्याला एकटे सोडू नये. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता."