पाच मुठींचं मडकं

सरका जरा भिंतीकडे. पाय पांघरुणात घ्या. हं, आता ऐका.

एक होता राजा. त्याला राहू दे त्याच्या गादीवर, आपली गोष्ट काही त्याची नाही. आपल्याला जायचंय त्याच्या नगरातल्या कुंभारआळीत, अगदी टोकाच्या घरी. तिथं राहायची मैना कुंभारीण. तिचा नवरा हैबती, नऊ वर्षांचा मुलगा बारकू आणि चार वर्षांची तानी, शेंडेफळ. अंगणात चाक, चाकाशेजारी मातीचा ढीग आणि परसात आवा. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, बरं का. या घरच्या घागरीवर टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा नाद यायचा.

घरात एक लहानसा कोनाडा होता. त्यात पितळेची अन्नपूर्णा. बोटाएवढी मूर्ती, मूठभर तांदळात बसलेली, हातात इवलीशी पळी. मैनेच्या आईनं लग्नात पाठवणीच्या वेळी ती लेकीच्या ओटीत घातली होती. मैना रोज तिच्यापुढे सांजवात लावायची. कितीही काम असो, वात कधी चुकली नाही.

मग एकदा काय झालं, राजकन्येचं लग्न ठरलं. वाड्यावरून शिपाई आला. म्हणाला, "मार्गशीर्षाच्या पुनवेला हजार घागरी पाहिजेत. एकही कमी नको." हैबतीनं होकार दिला. पाठ फिरल्यावर तो मैनेकडे बघून हसला, पण ते हसणं काही गोड नव्हतं. हजार घागरी म्हणजे काय थट्टा आहे होय रे?

मग काम सुरू झालं. हैबती पहाटे चाकावर बसायचा तो अंधार पडेपर्यंत. बारकू खाणीतून माती आणायचा, तुडवायचा. मैना घागरी थापटायची, वाळवायची, आवा रचायची, आवा पेटवायची. आणि घरातली चूल? चुलीत मांजर निजायला लागलं. हैबती चाकाशी बसूनच शिळी भाकरी चावायचा. बारकू वाटेनं जाता जाता गूळफुटाणे तोंडात टाकायचा. मैना आव्याजवळ उभ्या उभ्या दोन घास खायची, नाहीतर विसरून जायची. माणसं चार आणि जेवणंही चार. मधेच कधी मैनेच्या मनात यायचं, एवढा हा आवा उरकला की आज चार दाणे शिजवू. पण सांजवात लावून ती वळायची तोवर तानी उंबऱ्यावर डोकं टेकून झोपलेली असायची.

शेजारी साळूकाकू राहायची. एकटीच होती बिचारी, मूलबाळ नव्हतं. तानी तिच्याकडे पेज प्यायला जायला लागली. आधी एक दिवसाआड, मग रोज. एके दिवशी साळूकाकू कुंपणाशी येऊन म्हणाली, "मैने, तुझी पोर आज म्हणते, मी इथंच राहणार. विचारलं का गं, तर म्हणते, आमच्या घरची चूल आजारी आहे."

मैना कसनुसं हसली.

"हसतेस काय? तुझ्या घागरी साऱ्या राज्याला पाणी पाजतील. पोरीला घोटभर पेज मिळत नाही. मला काय, मला हवीच आहे लेक. पण तू नंतर रडू नकोस."

त्या संध्याकाळी मैनेनं वात लावली आणि हात जोडून तशीच बसून राहिली. काही मागणं सुचेना. नुसती म्हणाली, "आई, माझी पोर माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारी उभी. पांढरं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, कमरेला खोचलेली एक पळी आणि कडेवर एक मडकं. काळंभोर, जुनं, गुळगुळीत मडकं.

म्हातारी म्हणाली, "मुली, तुला वेळ नाही, हे मला दिसतंय. हे मडकं घे. यात अन्न घाल, झाकण ठेव आणि आव्याच्या कडेच्या गरम राखेत पूर. फुंकायला नको, ढवळायला नको. दिवेलागणीला शिजून तयार. पण याचा एक वसा आहे. घेशील?"

"घेईन आजी. काय करायचं ते सांगा."

"घरात जितकी माणसं, तितक्या मुठी. ज्याची मूठ त्यानं आपल्या हातानं घालायची. वर एक मूठ पाहुण्याची. आणि सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं. दोनदा चुकलीस तर मडकं सांभाळून घेईल. तिसऱ्यांदा चुकलीस तर मी ते घेऊन जाईन."

एवढं बोलून म्हातारी वळली. मैना रस्त्यावर बघते तर कुणी नाही.

मैनेला वाटलं, एवढंच ना. हे तर सोपं आहे. हैबती चाकावर, बारकू खाणीवर, तानी कुठं हुंदडत होती. कशाला सगळ्यांना हाका मारत बसायचं? तिनंच हैबतीची म्हणून एक मूठ तांदूळ घातले, बारकूची एक, तानीची एक, आपली एक, पाहुण्याची एक. वर मुगाची डाळ, मीठ, हळद, पाणी. मडकं राखेत पुरलं. दिवेलागणीला काढलं तर काय? राख इतकी ऊन की हात लावता येईना, आणि मडकं नदीतल्या दगडासारखं गार. तांदळाचा दाणा दाण्याला चिकटला नव्हता. ही झाली पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी मैनेनं मुलांना हाक मारली. बारकूनं मूठ घातली. तानीनं घातली, तिच्या मुठीत किती मावणार, सात-आठ दाणे. मैनेनं आपली आणि पाहुण्याची घातली. मग ती हैबतीकडे गेली.

"अहो, एवढी मूठ घाला."

"माझे हात चिखलाचे आहेत. तूच घाल की माझी."

"तुमच्याच हातानं हवी म्हणे."

"मडक्याला काय कळतंय कुणाचा हात ते? मीच करतो ना मडकी, मला शिकव." हैबती चाकावरून काही उठला नाही.

मग मैनेनंच त्याची मूठ घातली. दिवेलागणीला झाकण काढलं. वाफ आली खरी, पण अगदी एवढीशी. वरचा भात मऊ, खालचा कच्चा, कचकच लागणारा. तानीनं एक घास घेतला आणि थुंकला. उठली, आपली चिंध्यांची बाहुली काखेत घेतली आणि साळूकाकूकडे चालू लागली. मैना दारात उभी राहून बघत राहिली. तानीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. ही झाली दुसरी चूक.

त्या रात्री तानी घरी निजली नाही. मुलांनो, आई ना, अशा वेळी डोळे मिटते, पण झोपत नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर मैनेनं काय केलं, सरळ जाऊन हैबतीच्या चाकावर हात ठेवला. गरगर फिरणारं चाक थांबलं. अर्धी झालेली घागर वाकडी होऊन बसली.

"अगं, काय करतेस? पुनव आली तोंडावर."

"पुनवेला राजाला घागरी मिळतील. पण आपली पोर शेजारी गेली, ती कोण परत देणार?"

हैबतीनं तिच्याकडे पाहिलं. तो चाकावरून उठला. मैनेनं तांब्या आणला आणि त्याचे हात स्वतः धुतले, नखांतली मातीसुद्धा काढली. मग बारकूला खाणीवरून बोलावलं. मग साळूकाकूच्या घरी जाऊन तानीला कडेवर घेऊन आली. तानी रुसलेलीच होती, पण पाहुण्याची मूठही तिनंच घालायची असं म्हटल्यावर खाली उतरली. हैबतीनं मूठ घातली, बारकूनं घातली, तानीनं आपली घातली, पाहुण्याची घातली. तेवढ्यात बारकू ओरडला, "आई, आवा धुमसतोय." मैनेनं डाळ, मीठ, पाणी घालून मडकं घाईघाईनं राखेत पुरलं आणि आव्याकडे धावली.

काय राहिलं, आलं का लक्षात? थांबा, सांगू नका कुणी.

दिवस कलला. मैना आव्याच्या तोंडाशी, घामानं निथळलेली. तानी राखेच्या ढिगाशी उकिडवी बसून बोटं मोजत होती. "ही बाबांची. ही दादाची. ही माझी. ही पाहुण्याची." चार बोटं मिटली. अंगठा उरला. ती अंगठ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आई, तुझी मूठ कुठाय?"

मैनेनं कपाळाला हात लावला. तरी म्हणाली, "माझी नसली म्हणून काय झालं गं? मी काय, मी तळाची खरवड खाऊन घेईन."

"पण मग मडक्याला कसं कळणार, तू घरात आहेस ते?"

मैनेच्या मनात आलं, गेल्या कित्येक दिवसांत ती घरात आहे हे तानीला तरी कुठं कळलं होतं? सूर्य टेकला होता. आव्यात शंभर घागरी भाजत होत्या, नजर हलवायची सोय नव्हती. ती हैबतीला म्हणाली, "तुम्ही बसा इथं थोडं." तो बसला. मैनेनं हात धुतले, राख बाजूला सारली, झाकण काढलं. मडकं गारच होतं. तिनं तांदळाची मूठ भरली आणि हात आत घातला. तेव्हा काय झालं, तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या मडक्याच्या काठाला लागल्या. किणकिण.

आणि मैना तिथंच थांबली. हा आवाज तिनं किती वर्षांत असा लक्ष देऊन ऐकला नव्हता. तिचं माहेर, मातीची जमीन, गोल बसलेली चार भावंडं. आई मडकं मधे ठेवून म्हणायची, "आपापली मूठ आपण घाला रे." सगळ्यांच्या मुठी झाल्या की शेवटी आईची मूठ, आणि तिच्या हिरव्या बांगड्यांची ही अशीच किणकिण. ती वाजली की पोरं समजायची, आता जेवायला मिळणार. तिची आईसुद्धा दिवसभर मातीतच असायची. तिलाही वेळ नव्हताच. हे सगळं मैना विसरूनच गेली होती.

तिनं डोळे पुसले, तर राखेचे हात तोंडाला लागले आणि तानी खुदकन हसली. एवढ्यात मडक्यातून वाफ आली. चांगली भरघोस वाफ, मुगाच्या खिचडीच्या वासाची.

मैनेनं सांजवात लावली. मग चौघं आव्यावर नजर राहील अशी तिथंच एका पंगतीला बसली. पाहुण्याच्या मुठीला कोण? तानी पळत जाऊन साळूकाकूला हाताला धरून घेऊन आली. काकू म्हणाली, "मी कशाला मधे?" पण बसली. दोनदा वाढून घेतलं तिनं. तानी आईच्या मांडीवर बसून जेवली आणि तिथंच झोपली.

मग काय, घराची घडीच बसली. सकाळी बारकू डाळ-तांदूळ धुवायचा. तानी भाजी निवडायची, अर्धी कोंबडीला घालायची. हैबती चाकावर बसायच्या आधी पाणी भरायचा. पाचही मुठी पडल्या, मैनेच्या बांगड्या वाजल्या की मग तो मडकं राखेत पुरायचा. कुठल्या वारी काय, हेही ठरून गेलं. सोमवारी मुगाची खिचडी, मंगळवारी ज्वारीच्या कण्या, बुधवारी कुळथाचं माडगं, उपासाला राखेत भाजलेली रताळी. रोज उठून काय करू, काय करू म्हणायला नको. पाहुण्याच्या मुठीला कधी वाटसरू असायचा, कधी भिक्षेकरी. आणि कुणीच नसलं तर साळूकाकू होतीच. ती येताना लोणचं आणायची.

आणि घागरी? पुनवेच्या आदल्या दिवशी हजारावी घागर आव्यातून निघाली. पोटात अन्न असलं, मन जाग्यावर असलं की हात आपोआप भरभर चालतात, बरं का.

असं वर्ष गेलं. पुन्हा मार्गशीर्ष आला. एका संध्याकाळी पंगत बसतच होती, तर दारात तीच म्हातारी. म्हणाली, "माझी मूठ ठेवलीत ना?"

मैनेनं पाट मांडला. म्हातारी पोटभर जेवली. हात धुऊन म्हणाली, "आता माझं मडकं द्या."

सगळ्यांचे चेहरे उतरले. तानी मडक्याला मिठी मारून बसली. मैना म्हणाली, "आजी, एवढं राहू द्या. याच्यावाचून माझं घर कसं चालेल?"

"अगं वेडे, तुझ्या बांगड्या वाजल्या ना त्या दिवशी, त्या दिवसापासून हे साधंच मडकं आहे. माती आणि राख, बाकी काही नाही. वर्षभर शिजवलंत ते तुम्हीच."

हैबती चाट पडला. कुंभार असून त्याला मडकं ओळखता आलं नव्हतं. मैनेनं वाकून तानीच्या मिठीतून मडकं सोडवलं, स्वच्छ पुसलं आणि म्हातारीच्या हातात दिलं. "घेऊन जा आजी. अजून कुणाच्या तरी घरी लागेल." म्हातारी तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेली. हैबतीनं दुसऱ्याच दिवशी नवं मडकं घडवलं. त्यातली खिचडी तशीच लागली, अगदी तश्शी.

पण त्या संध्याकाळी, म्हातारी गेल्यावर, मैना कोनाड्यातला दिवा सारखा करायला गेली. बघते तर अन्नपूर्णेच्या इवल्याशा पळीला काहीतरी चिकटलेलं. तिनं दिवा जवळ नेला. शिजलेल्या खिचडीचं एक शीत होतं ते.

मैनेनं ते पुसलं नाही. तिनं तानीला उचललं, ते दाखवलं, आणि दोघींनी मिळून हात जोडले.

असं मैनेचं घर नांदतं राहिलं. अन्नपूर्णा तिच्या पंगतीला येऊन जेवली, तशी तुमच्याही पंगतीला येवो. तुमची आई दिवसभर कामावर असते, थकून येते. उद्या सकाळी तांदूळ धुवायला हवेत. तुमच्या मुठी तुम्ही घालायच्या, आणि शेवटची आईची राहिली नाही ना, तेवढं बघायचं.

आता मिटा डोळे. ऐका, स्वयंपाकघरात तुमच्या आईच्याच बांगड्या वाजताहेत. झोपा.