महापौरांचा नारळ

"मग मी दुसरं काय करायला हवं होतं, बाबा?"

महापौर विश्वंभर पुन्हा तेच विचारत होते. दादूशा फकीर नदीकाठच्या आपल्या तकियाच्या ओसरीवर सुपातले तांदूळ निवडत बसला होता.

विश्वंभर तरुणपणी त्याच्याकडे शिकायला येत. पुढे नळ आणि गटारं यांवर भाषणं करून ते महापौर झाले. नशीब असं की, नळाला पाणी यायच्या आधी दाराशी युद्ध आलं. शत्रू पलीकडच्या काठाला लागला तेव्हा नदीवरचा पूल त्यांच्याच हुकमावरून उडवला गेला. शहर वाचलं. त्या दिवसापासून त्यांच्या गळ्यात हार पडत होते आणि त्यांना धड झोप नव्हती.

आता लढाई संपली होती. नवा पूल उभा होता.

"उद्या माझ्या हस्ते पूल फोडायचा आहे," ते म्हणाले आणि जीभ चावून थांबले. "नारळ... नारळ फोडायचा आहे."

"नारळ वाढवतात. फोडला म्हणू नये, अशुभ असतं."

"तेच ते. दमलोय हो मी."

"तेच कसं? साध्या नारळाला आपण बरा शब्द शोधला. जुन्या पुलाला तू कोणता शोधलास?"

"...हटवला. भाषणात हटवला म्हणतो."

"आणि माणसं?"

"पलीकडे राहिली, असं म्हणतो."

फकिरानं एक खडा वेचून बाहेर टाकला.

"इथं मंडप नाही, विश्वंभर."

विश्वंभरांनी तो खडा उचलून मुठीत धरला.

"फोडला," विश्वंभर म्हणाले. "पलीकडच्या वस्तीतली माणसं पळत पुलावर आली होती. मला दिसत होती. तरी फोडला."

रडायलाही अंगात जोर लागतो. तेवढा त्यांच्यात उरला नव्हता. ते नुसते बसून राहिले, आणि त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

"उद्या जाऊ का, बाबा? नको म्हणालात तरी सुटेन."

"जा की. कुठल्या बाजूनं जाणार?"

"अलीकडूनच. मंडप इकडे आहे, बँड इकडे आहे."

"आणि पलीकडच्यांना?"

"त्यांना... बोलावलेलं नाही."

फकिरानं सूप बाजूला सारलं आणि खाली काठाला बांधलेल्या होडीकडे बोट केलं.

महापौरांचा चेहरा उतरला. "तिथं प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गेलंय. ती माणसं मला दारात उभं तरी करतील का?"

"ते मला काय विचारतोस? आज होडीनं जा. उद्या त्यांनी आणलं, तर पुलावरून ये."