बोरांच्या फटीतली मोहरी

ही गोष्ट कधीची ते विचारू नका. मला जिने सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक लोहार राहायचा. हाताला मोठं कसब, पण डोकं? ऐरणीहून कठीण!

त्याच्या घराण्याची एक रीत होती. छिन्नीचं लोखंड कोळशाच्या भुकटीसोबत मडक्यात घालायचं, तोंड मातीने लिंपायचं आणि तीन दिवस भट्टीत ठेवायचं. कोळसा पाडून आणायची गावाबाहेर राहणारी एक म्हातारी.

एके दिवशी लोहार म्हणाला, "माझ्या चोख लोखंडात ही काळी भेसळ कशाला?" त्याने मडकी फोडली आणि म्हातारीला बजावलं, "पुन्हा इकडे फिरकू नका." म्हातारी टोपली उचलून निघून गेली.

त्याच उन्हाळ्यात गावची विहीर आटली. नवी खणायला घेतली, तर दहा हातांवर काळा कातळ लागला. लोहाराने मोठ्या तोऱ्यात चोख छिन्न्या दिल्या. चार घावांत सगळ्यांची टोकं वळली! पुन्हा घडवल्या, पुन्हा वळल्या. संध्याकाळी त्याची धाकटी लेक रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली. लोहाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तडक म्हातारीकडे गेला. "आजी, चुकलो. पण भरीव लोखंडात कोळसा मावतो तरी कुठे?"

म्हातारीने बोरांनी काठोकाठ भरलेला तांब्या पुढे केला. "बोट घाल आत." बोट सहज गेलं. मग तिने वरून मोहरी ओतली, तांब्या हलवला. "आता घाल." बोट जाईना.

"बघ, एकही बोर बाहेर पडलं नाही. मोहरी फटीत बसली आणि बोरांचं सरकणं थांबलं. तुझ्या लोखंडातही अशा फटी असतात, बाबा. भुकटी मापात घाल, नाहीतर छिन्नी ठिसूळ होईल. पण लोखंड लोखंडच राहतं. चकाकी तीच, तापल्यावर चटकाही तोच. फक्त वाकणं जातं."

लोहाराने नवं मडकं भरून भट्टीत ठेवलं आणि तीन दिवसांनी फोडलं. नव्या छिन्न्या घडल्या, तापवून पाण्यात बुडवल्या आणि कातळाला भिडल्या. कातळ फुटला, पाणी लागलं.

पहिली घागर लोहाराने स्वतःच्या खांद्यावरून म्हातारीला नेऊन दिली. त्याच्या आणि शेजारच्या सुताराच्या घरांच्या मध्ये एक रिकामी जागा होती. पुढच्या महिन्यात म्हातारीचं घर तिथे उभं राहिलं.

लहानाला आपल्यात जागा दिल्याने मोठ्याचं मोठेपण घटत नाही, उलट त्याचं बळ वाढतं.